बंबाचे कागद

समोर टेबल असो, दार असो, नाहीतर कुणाच्या घरचा फ्रीज असो, मिस्त्री आधी बोटाचं पेर वाकवून त्यावर टकटक करायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मगच बोलायला लागायचे. माझ्याकडं पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझं टेबल ठोकलं. "सागवान म्हणून दिलं असंल तुमाला," ते म्हणाले. "सागवान न्हाय साहेब. वरून पट्टी मारलीय." सकाळची वेळ, अजून भवानीसुद्धा झालेली नाही, आणि हा कोण कुठला माणूस येऊन माझ्या टेबलाची अब्रू काढतोय! मी म्हणालो, "काम काय आहे ते सांगा." ते म्हणाले, "तेच सांगायलोय. पण आत काय हाय ते बघावं आधी मानसानं."

मी धाराशिवला आरटीओ ऑफिसच्या बाहेर टेबल टाकून बसणारा एजंट. म्हणजे तुम्ही ज्यांच्याकडं नाइलाजानं येता आणि घरी जाऊन ज्यांना शिव्या देता, त्यांतला एक. लिंबाखाली छत्री, एक प्रिंटर, एक लॅपटॉप, आणि दिवसभर तेच ते: नाव, बापाचं नाव, चेसिस नंबर, इंजिन नंबर, इथं सही, तिथं सही. लोक आम्हाला काम होईपर्यंत साहेब म्हणतात आणि झालं की दलाल. मिस्त्री मात्र शेवटपर्यंत साहेबच म्हणाले. मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल की बाबा, मी साहेब नाही, साहेब आत बसतात, पंख्याखाली. "आतल्याचं काय करायचंय मला?" ते म्हणायचे. "म्या तुमाला वळखतो."

त्यांना नाव होतं. पण ते मी इतक्या अर्जांवर लिहिलं आहे की आता पुन्हा लिहायचा कंटाळा येतो. हायवेवर तसंही त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. उमरग्याच्या अलीकडं उतरून 'मिस्त्रीचं शेड' म्हटलं की टपरीवाला हात करून दाखवायचा.

उभी हयात त्यांची ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेली. लाकडी फळ्या, पत्रा, केबिनच्या कपाळावरची नक्षी, सगळं हातानं. पुढं केबिन कंपनीतूनच तयार यायला लागली आणि हाताची कामं कमी झाली. अशा वेळी दुसरा माणूस हॉटेल टाकतो नाहीतर प्लॉटिंग करतो. मिस्त्रींनी भंगारात चाललेल्या गाड्या अडवायला सुरुवात केली. पुढं लांब नाक असलेले जुने ट्रक. त्यांचे मालक मेलेले, टायर बसलेले, बॉनेटमध्ये कोंबड्यांनी अंडी घातलेली. हा माणूस ते ओढून आणायचा, एकेक नट रॉकेलमध्ये भिजत घालायचा आणि दोन-तीन वर्षांनी तो ट्रक रस्त्यावर काढायचा. मी शेडात गेलो तेव्हा असे पाच होते, पाचही चालू.

मी साहजिकच विचारलं, "विकणार का?"

"न्हाय."

"भाड्यानं देणार?"

"न्हाय ओ."

"मग काय उपयोग मिस्त्री यांचा?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी अचकटविचकट बोललोय. "उपेग कामून पाहिजे?" ते म्हणाले. "चालतेत की."

गाडी चालू करताना ते तिच्याशी कानडीत बोलायचे. गिऱ्हाइकाशी मराठी, पोलिसाशी हिंदी आणि गाडीशी कानडी, हा त्यांचा नेम. "बा तंगी, बा, बा," म्हणजे ये गं बाई, ये. ट्रक सगळे त्यांच्या धाकट्या बहिणी. एकदा एक बहीण काही केल्या चालू होईना तेव्हा त्यांनी तिला मराठीत एक शिवी हासडली आणि मग अर्धा तास तिच्याकडं पाठ करून बसले. वैनी आतून म्हणाल्या, "आता तिची समजूत कोण काढणार? माझी तर कंदी काढली न्हाय."

वैनी म्हणजे त्यांची बायको. बोलायला फटकळ, पण पाहुण्याला चहाशिवाय उठू देणार नाहीत. त्यांना सगळ्या गोष्टी विचारायची सवय. माझा पगार किती (मला पगार नाही हे त्यांना कधीच पटलं नाही), घर स्वतःचं की भाड्याचं, मुलीचं कुठं जमलं. मिस्त्री मधेच म्हणायचे, "अगं, साहेब कागदाला आलेत, सोयरिकीला न्हाय."

आता बंबाचं सांगतो. सांगायचं तेच आहे, बाकी सगळं मी आपलं लांबण लावतोय.

तरुणपणी मिस्त्री शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत बंबावर होते. ड्रायव्हर, मेकॅनिक, पाइप धरणारा, सगळं एकच माणूस, आणि तोही रोजंदारीवर. सहा वर्षं केलं. कायम करतो, कायम करतो म्हणत राहिले आणि एक दिवस सांगितलं, उद्यापासून येऊ नका. दुपारचा डबासुद्धा उघडायचा होता. तो तसाच हातात घेऊन ते पायी गेटातून बाहेर पडले. बंब शेडात उभा होता. "धुऊन ठिवला व्हता सकाळीच," ते म्हणायचे. "वला व्हता अजून." ही गोष्ट त्यांनी मला चारपाच वेळा सांगितली असेल आणि दर वेळी एवढंच सांगितलं, पुढं काही नाही.

तर मग म्हातारपणी त्यांच्या डोक्यात आलं की तोच बंब शोधायचा. आता शोधणार कसा? माझ्याकडं आले. मी म्हणालो, पत्रक छापू, हायवेवरच्या टपऱ्यांवर वाटू. मजकूर मीच केला, अर्ध्या मिनिटात, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा फॉर्म भरता भरता: 'जुने बंब, कोणत्याही अवस्थेत, योग्य भावाने घेतले जातील.' खाली त्यांच्या शेडचा पत्ता.

पुढं काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. आठवड्याभरात लोक शेडावर आंघोळीचे बंब घेऊन यायला लागले. तांब्याचे, पितळेचे, तळ गेलेले, तोटी गेलेले. कुणी डोक्यावर, कुणी स्कुटरवर पुढं ठेवून. एक म्हातारे तर येरमाळ्याहून एसटीनं आले, बंब धोतराच्या पानात गुंडाळून मांडीवर घेऊन, आणि कंडक्टरनं त्याचं तिकीट मागितलं म्हणून तावातावानं भांडून आलेले. मिस्त्रींनी मला फोन केला. मला वाटलं आता शिव्या खाणार. ते म्हणाले, "साहेब, तुमी काय लिवलंय ते एकदा मला वाचून दावा बरं." मी वाचलं. ते फोनवर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

बरं, परत पाठवावं की नाही लोकांना? नाही. लांबून आलेत म्हणून त्यांनी त्या म्हाताऱ्यांचा बंब ठोकून बघितला, गळती शोधली, डाग देऊन बुजवली, चहा पाजला आणि तोटी बसवून परत दिला. तसे आठदहा बंब त्यांनी त्या महिन्यात दुरुस्त केले. एक बेवारशी राहिला तो वैनींनी न्हाणीत लावला. मी मात्र चुकीचं वाईट वाटून घेतलं नाही. गंमत म्हणून चार लोकांना सांगत फिरलो. घाईत लिहितो, काय लिहिलं ते बघत नाही, ही खोड मला तेव्हाच कळायला हवी होती.

खरा बंब शेवटी पत्रकानं नाही, लिलावानं मिळाला. त्या नगरपालिकेनं जुनं सामान लिलावात काढलं, त्यात तो होता. मिस्त्री गेले, बोलीत उभे राहिले आणि घेतला. ट्रॅक्टरला बांधून आणला. खिडक्यांना काचा नाहीत, पाण्याच्या टाकीत बाभळ उगवलेली, घंटा कुणीतरी नेलेली. मी बघायला गेलो तर ते त्याच्याभोवती फिरत एकेका पत्र्यावर टकटक करत होते. बंबाला बहीण म्हणायचे नाहीत. त्याला म्हणायचे अज्जा, म्हणजे आजोबा.

"यो चालू करायचा," ते म्हणाले. "आन् रस्त्यानं न्यायचा, त्याच गावाला. गेटातनं आत घालायचा, वळवायचा आन् माघारी. बास."

"आत सोडतील का तुम्हाला?"

"न सोडाय काय झालं? बंब हाय तो."

मग त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं लिलावाचं पत्र काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिलं. "ह्येचं काय करायचं?"

"कागदाचं माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. उठून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणतो, घाबरलेल्याला म्हणतो, फोनवर पिरपिर करणाऱ्याला गप्प बसवायला म्हणतो. ते तोंडातून आपोआप येतं. पण मिस्त्रींनी ते ऐकलं आणि सोडलं खरंच माझ्यावर.

काम काय होतं, तर लिलावात घेतलेली गाडी मुदतीच्या आत अर्ज करून आपल्या नावावर चढवून घ्यायची. एका दिवसाचं काम. पत्र जोडायचं, फॉर्म भरायचा, खिडकीवर द्यायचा. मी ते पत्र 'बघू नंतर' म्हणून एका गठ्ठ्यात घातलं. का, तर काही कारण नाही. तुम्हाला काहीतरी सांगू शकलो असतो, आजारपण होतं, घरात लग्न होतं. काही नव्हतं. बंब म्हणजे गंजका सांगाडा, टाकीत झाड, हा कुठं कधी चालू होतोय, असं वाटलं. आत काय आहे ते मी बघितलंच नाही.

मिस्त्रींना नऊ वर्षं लागली. मी खोटं कशाला बोलू, त्या नऊ वर्षांत मला ते पत्र दोनतीनदा आठवलं आणि मी दोनतीनदा 'उद्या' म्हणालो. ते मात्र महिन्याला एकदा उमरग्याच्या गाडीनं येऊन मला काय काय झालं ते सांगून जायचे. पंपाचे वॉशर चामड्याचे होते, तसे आता मिळत नाहीत, तर चप्पल शिवणाऱ्याकडून कापून घेतले. शिडीला लाकूड पाहिजे होतं ते कुणाच्या तरी मोडलेल्या पाळण्यातून काढलं. लाल रंगाचं तर विचारू नका. सीटच्या खाली एका कोपऱ्यात मूळ रंगाचा एक पोपडा शिल्लक होता. तो काडेपेटीत घालून त्यांनी सोलापूरपर्यंतची सगळी रंगाची दुकानं पालथी घातली. दुकानदार डबा उघडायचा, हे काडेपेटी उघडायचे, मान हलवायचे. "लाल हाय, पर त्यो लाल न्हाय." सव्वा वर्ष गेलं रंगात. वैनी म्हणाल्या, माझ्या लग्नाचं पातळ निवडायला एक दुपार पुरली होती.

पहिल्यांदा पाणी मारलं त्या दिवशी मी तिथं होतो. "बा अज्जा, बा," म्हणत त्यांनी इंजिन चालू केलं, पंप लावला, आणि दोन माणसांनी धरलेल्या पाइपातून पाण्याचा असा फवारा निघाला की तो शेडापुढच्या लिंबावरून पलीकडं घराच्या गच्चीवर गेला. गच्चीवर वैनींच्या वर्षभराच्या कुरडया वाळत होत्या. वैनी लाटणं घेऊन बाहेर आल्या. बंब बंद करेपर्यंत कुरडयांची खीर झाली होती. मिस्त्री ओलेचिंब, हात जोडून उभे, आणि हसू काही आवरत नव्हतं त्यांना. सत्तरीचा माणूस असा हसलेला मी दुसरा बघितला नाही.

पुढच्याच सोमवारी ते पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या टेबलाशी आले. कपाळाला विभूती, अंगात धुवट शर्ट. "झाला, साहेब," ते म्हणाले. "माजं काम झालं. आता तुमचं."

मी म्हणालो, "हो हो, बघतो." ते गेल्यावर गठ्ठे उपसले. पत्र सापडलं. प्लॅस्टिक अजून तसंच होतं. आत जाऊन खिडकीवर विचारलं. तिथल्या माणसानं शांतपणे सगळं समजावून सांगितलं, त्याची काही चूक नाही. त्याच वेळी नाव बदललं असतं तर गाडी खाजगी झाली असती, पुढं काहीतरी मार्ग निघाला असता. पण कागदावर बंब अजून नगरपालिकेचाच, म्हणजे सरकारी. आणि इतक्या जुन्या सरकारी गाडीची नोंद आता पुन्हा होत नाही, ती फक्त तोडायची, असा मधल्या काळात नियम आला. मी म्हणालो, काहीतरी करा. तो म्हणाला, "तुम्ही तर यातले जुने आहात, तुम्हाला मी काय सांगू?"

त्यानंतर दोन महिने मी मिस्त्रींना टाळलं. सांगायला लाज वाटते, पण टाळलं. उमरग्याची गाडी साडेदहाला येते. सव्वादहाला मी चहाला जायचो आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून टेबलाकडं बघत राहायचो. ते यायचे, रिकाम्या खुर्चीसमोर बसायचे, छत्रीच्या सावलीत डबा सोडून जेवायचे, शेजारच्या एजंटला 'साहेबांना सांगा येऊन गेलो' म्हणायचे आणि दीडच्या गाडीनं परत. फोन आला की मी उचलायचो नाही. एक-दोनदा बायकोला उचलायला लावून बाहेर गेलेत म्हणून सांगितलं.

तिसऱ्या महिन्यात ते साडेदहाच्या गाडीनं आलेच नाहीत, साडेआठच्या गाडीनं आले. मी टेबल मांडत होतो. ते समोर बसले. टेबल ठोकलं, नेहमीसारखं. म्हणाले, "आतनं बोला, साहेब. वरचं नगं."

मी सांगितलं. सगळं. पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. मुदत, नाव, नियम, आणि माझा आळस. सांगताना मी खाली बघत होतो. मला वाटत होतं, ओरडतील. मनातून मला ते पाहिजेही होतं. चार लोकांसमोर कॉलर धरली असती तर बरं वाटलं असतं.

त्यांनी पत्र उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे कागदावर अजून त्यांचाच हाय बंब?"

"हो."

"म्हंजे म्या नऊ वर्सं परत रोजंदारीच केली की त्यांची." आणि हसले. मला नाही हसता आलं.

मी घाईघाईनं म्हणालो, "मिस्त्री, मी सांगतो, घाला सरळ रस्त्यावर. रविवारी सकाळी काढा. बंबाला कोण अडवतंय? मी बसतो शेजारी."

त्यांनी मान हलवली. "बिगरकागदाची गाडी म्या कंदी रस्त्यावर घातली न्हाय. आन् त्या गेटातनं आत जायचं म्हंजे ताठ जायाचं. मोरं पोलीस दिसला तर काय बंब झाडामागं लपवू?"

त्यांनी पत्र पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, पिशवीत ठेवलं आणि उठताना वाकून हळू आवाजात म्हणाले, "शेजारच्या टेबलाला सांगू नगा ह्ये. धंद्याला बरं न्हाय तुमच्या."

मी त्यांना म्हणालो होतो, ट्रकांच्या कागदांसाठी आता दुसरा एजंट बघा, मीच लावून देतो. ते म्हणाले, "कामून? तुमी तर आता चुकणार न्हाय." आणि खरंच माझ्याकडंच येत राहिले. फिटनेस, विमा, टॅक्स, पाचही ट्रकांचं सगळं. त्यांचे कागद मी तीन-तीनदा वाचून द्यायला लागलो. पण ते पहिल्यासारखं बसत नसत. कागद घेतले की निघायचे. बंबाचं मी विचारलं तर म्हणायचे, "हाय बरा. रानात बांधापतूर जातो, माघारी येतो." हायवेवरच्या टपरीवाल्यांनी विचारलं, बंब रस्त्यावर का येत नाही, तर मिस्त्रींनी म्हणे त्यांना सांगितलं की माझ्याच कागदात खोट निघाली, म्या लिलावाला नीट वाचलं न्हाय. हे मला टपरीवाल्यानंच सांगितलं, वर तो म्हणाला, "म्हातारं हुशार, पर कागदात कच्चं." मी त्याच्या समोर उभा राहून चहा प्यायलो आणि गप्प बसलो. अजून त्याची चीड येते मला, टपरीवाल्याची नाही, माझीच.

गेल्या वैशाखात मिस्त्री गेले. दुपारी जेवून शेडात बाजेवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मातीला मी पोचलो नाही, तिसऱ्या दिवशी गेलो. वैनी भेटल्या, रडल्या, माझ्या मुलीच्या बाळंतपणाचं विचारलं. बंबाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. त्यानंतर दोनदा गेलो, तेव्हाही नाही. सगळ्या जगाचं विचारणारी बाई, पण हे नाही. मी मनात म्हणालो, बरं झालं, मिस्त्रींनी घरात काही सांगितलेलं दिसत नाही. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

मग दिवाळीनंतर त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. चांगला मुलगा आहे, आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून तिकडं नेतोय. ट्रक एका संग्रहवाल्यानं घेतले, चालू, कागदांसकट. बंब कोण घेणार? शेवटी पुण्याकडच्या एका मोठ्या हॉटेलनं घेतला, दारात ठेवायला. इंजिन काढलं की आत चार टेबलं बसतात म्हणे, पोरं फोटो काढतात. "काका," मुलगा म्हणाला, "ट्रेलरवर घालून न्यायचाय. रस्त्यात कुणी विचारलं तर दाखवायला एक पत्र पाहिजे. तुम्हीच करून द्या."

ते पत्र मी तासाभरात केलं. 'सदर वस्तू हे वाहन नसून केवळ शोभेची वस्तू आहे. तिचा रस्त्यावर वापर केला जाणार नाही.' तीनदा वाचलं. कुठंही चूक नव्हती.

पत्र मी स्वतःच घेऊन गेलो. सकाळी ट्रेलर आला होता. बंब फळ्यांवरून वर ओढत होते. काडेपेटीतल्या पोपड्यावरून शोधलेला तो लाल रंग उन्हात नवा कोरा दिसत होता. पुढं नंबर प्लेटची चौकट बसवलेली होती, आत प्लेट नव्हती. चाकांना दोर आवळले, पाचर मारली. माणसं घामाघूम झाली होती आणि आपसात हॉटेलच्या जेवणाचं बोलत होती. मी पत्र ड्रायव्हरच्या हातात दिलं. त्यानं न वाचताच खिशात घातलं. ट्रेलर हायवेला लागला. नगरपालिकेच्या त्या गावाकडं जायला डावीकडं वळावं लागतं. तो उजवीकडं गेला.

घरात सामान बांधलेलं होतं. वैनींनी एका खुर्चीवरचं गाठोडं खाली ठेवून मला बसायला दिलं आणि चहा आणला. त्या खाली जोत्याला टेकून बसल्या. बसचं विचारलं, पुण्यात थंडी फार असते का ते विचारलं. मला आता राहवेना. मी म्हणालो, "वैनी, एक सांगायचंय. बंबाच्या कागदात मिस्त्रींची चूक नव्हती. माझी होती. पत्र त्यांनी वेळेवर दिलं होतं, मीच ठेवून दिलं."

"ठाऊक हाय की," त्या म्हणाल्या. "त्याच दिशी सांगितलं व्हतं त्यांनी."

मी हातातला कप खाली ठेवला.

"म्हणले, साहेब घरी आले तर कागदाचं काढू नगं. त्यांच्या जिवाला लई लागलंय." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हून न्हाय काढलं. चहा घ्या, निवायलाय."